छातीत की कलेजीत

गोळी सुटली तेव्हा मी खालच्या ओढ्याच्या काठावर होते आणि हरीण मला बाबांपेक्षा नीट दिसत होतं. बाबा म्हणजे माझे सासरे, तोकुजी. ते वरच्या कच्च्या रस्त्याच्या कडेला बसले होते, रायफल एका पडलेल्या झाडावर टेकवून. मधल्या उतारावर, सासा बांबूचं गचपण सुरू होतं तिथे, एक मोठा नर आडवा उभा होता. आवाज झाला तशी त्याने पाठ वर काढली, मागचे पाय पोटाखाली घेतले आणि तो गचपणात शिरला. पळत नाही, चालत.

छातीत गोळी बसलेलं हरीण असं करत नाही. ते उडी मारतं आणि फुटेल त्या वाटेने धावत सुटतं. पाठ वाकवून चालत गेलेल्याला मागे कुठेतरी लागलेलं असतं. हे मला ज्यांनी शिकवलं तेच वॉकीटॉकीवर सगळ्या गटाला सांगत होते, "बसली. खांद्याच्या मागे. पुरी छातीत."

मी पाठ वाकवलेली पाहिली होती. मी बोलले नाही.

न बोलायला कारण होतं. त्या मोसमात बाबांनी दोन हरणं हरवली होती. हरवली म्हणजे चुकली नव्हेत. चुकण्याची आमच्यात कोणाला लाज वाटत नाही. दोन्ही वेळा गोळी लागली होती, हरीण गचपणात गेलं होतं आणि आम्ही सासात दिवसभर वाकून फिरलो तरी सापडलं नव्हतं. जखमी हरीण सासात मरून पडलं की त्याच्या वासावर अस्वल येतं, आणि मग तिथे आळंबी शोधायला गेलेली बाई त्याच्या तावडीत सापडते. म्हणून गटाचे म्होरके कुदोसान यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "तोकुजीदादा, पुढच्या हरणाला गोळी छातीत बसली पाहिजे. इकडेतिकडे बसली किंवा हरीण हरवलं, तर तुम्ही बंदूक पोलिसांकडे जमा करायची. मी तुमच्या पाया पडून सांगतोय असं समजा, पण सांगतोय."

कुदोसान पोस्टातून निवृत्त झालेले, आवाज कधी चढवत नाहीत. त्यामुळे त्यांनी सांगितलेलं टाळता येत नाही.

बाबांच्या मते दोष तांब्याचा होता. जपानच्या उत्तरेला, आमच्या होक्काइदोत, हरणासाठी शिशाच्या गोळीला बंदी आहे. शिकारीनंतर रानात उरलेलं खाऊन गरुड मरायला लागले म्हणून ती आली, आणि तिला आता इतकी वर्षं झालीत की नवी पोरं शिसं ओळखतही नाहीत. पण बाबांचं तांब्याशी कधी जमलंच नाही. जेवताना, गोठ्यात, न्हाणीघरातल्या टबातून ओरडूनसुद्धा त्यांचं तेच. "गरुडाला शिसं सोसत नाही म्हणून कायदा केला. मला तांबं सोसत नाही, माझ्यासाठी कोणी काही केलं?"

"तुम्हाला पंख फुटू द्या, मग करतील," मी म्हणायची.

"तांबं सुईसारखं आरपार जातं गं. रक्तच पडत नाही. रक्त नाही तर माग काय काढणार, कपाळ?"

हे अर्धं खरं होतं. तांब्याची गोळी आत गेली की फुलते, पण तिचे तुकडे होत नाहीत. ती सरळ भोक पाडून पलीकडे निघते. खांद्याच्या हाडावर किंवा फुप्फुसात नेमकी बसली तर हरीण डोळ्यांदेखत पडतं. चार बोटं मागे गेली तर ते चालायला लागतं. शिसं आत गेल्यावर फुटतं, त्याचे कण हातभर पसरतात आणि लागू नये तिथे लागलं तरी नासधूस करतात. शिसं नेमबाजाच्या चुका पोटात घालतं, तांबं घालत नाही. मला तांब्याची सवय करून घ्यायला दोन मोसम लागले होते. मी नेम पुढे घेतला, अंतर कमी केलं, आणि शंका असेल तर गोळी झाडलीच नाही. बाबांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी फक्त तांब्याला शिव्या घातल्या.

आणि उरलेलं अर्धं म्हणजे त्यांचे डोळे. ते मी त्यांना कधी बोलले नव्हते. सासूबाई गेल्यापासून बाबा उन्हाळाभर टीव्हीसमोर बसून असायचे. चालू असलेल्या टीव्हीसमोर झोपायचे, जागे झाले की तोच कार्यक्रम पुन्हा बघायचे. शिकारीचा मोसम आला की एका सकाळी आपण होऊन दाढी करायचे आणि मला विचारायचे, "ओढ्याकडे माग दिसले का?" माझा नवरा शिगेकी गायींत रमणारा माणूस. भाजी चिरताना बोट कापलं तरी त्याला खाली बसावं लागतं. घरात रानाबद्दल बोलायला मला बाबाच होते. ते बंदूक जमा करून परत टीव्हीसमोर बसलेले मला बघवले नसते. इतकी साधी गोष्ट होती आणि ती मला पुरेशी होती.

कुदोसान आणि हाताकेयामा गाडी घेऊन आले. हाताकेयामा नळाची कामं करतो, गटात सगळ्यांत जास्त बोलतो आणि सगळ्यांत कमी हरणं मारतो. बाबा बसल्या जागेवरून हलले नाहीत. आमचा तसा नियम आहे. मारणाऱ्याने जागा सोडायची नाही. तिथूनच हात करून इतरांना हरीण उभं होतं त्या जागी न्यायचं, कारण गचपणात उतरलं की वरून दिसलेलं सगळं फिरून जातं. दुसराही नियम आहे. गोळी कुठे लागली हे मारणाऱ्याने कितीही सांगितलं तरी धरायचं नाही. माग काढणारा हरणापर्यंत जातो, बघतो, आणि तो जे वॉकीटॉकीवर सांगेल ते शेवटचं. मारणाऱ्याला नेहमी छातीतच लागलेली दिसते म्हणून जुन्या लोकांनी ही सोय करून ठेवली आहे. गेली काही वर्षं आमच्या गटात माग मी काढते.

बाबा वरून हात करत होते. डावीकडे, आणखी डावीकडे, तिथेच. कुदोसान वाकले, पानं बाजूला केली, जमीन पाहिली.

"काही नाही," ते म्हणाले. "एक थेंब नाही. चुकली."

"तोकुजीकाका म्हणतात पुरी छातीत," हाताकेयामा म्हणाला. "कोणाच्या छातीत ते नाही सांगितलं. वहिनी, तुम्ही खालीच होतात ना? सगळं ठीक आहे ना तुमचं?"

"हसण्यावारी नेऊ नकोस," कुदोसान म्हणाले. "पाऊस येतोय. बघायचं तर आत्ता बघू. धुऊन गेलं की संपलं."

खरंच आभाळ खाली आलं होतं. पण पाठ वाकवून गेलेल्या हरणामागे लगेच गेलं तर ते उठतं आणि डोंगर ओलांडून जातं. त्याला एकटं सोडलं तर जवळच कुठेतरी बसतं आणि बसल्या जागी संपतं. मला वेळ हवा होता, आणि का हवा हे सांगायचं नव्हतं.

"आधी चहा घेऊ," मी म्हणाले.

"पाऊस येतोय म्हणतोय मी."

"पाऊस आला तर भिजू. मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. उपाशीपोटी मी सासात शिरणार नाही."

कुदोसाननी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांना कळलं असावं. पण माग माझा होता, म्हणून त्यांनी गाडीतून चहा काढला. मी भाताचे गोळे काढले. हाताकेयामाने आपल्यातलं खारवलेलं आलुबुखार काढून मला दिलं, त्याला ते आवडत नाही. वर बाबा एकटेच बसले होते. त्यांना चहा नेऊन द्यावा असं मनात आलं, पण गेले असते तर त्यांनी मला विचारलं असतं, मी काय पाहिलं ते.

पाऊस भुरभुरायला लागला तेव्हा मी उठले. रायफल पाठीवर टाकली, अस्वलासाठीची घंटा कमरेला अडकवली. कुदोसान गाडीपाशी थांबले. हाताकेयामा पलीकडच्या ओढ्याच्या तोंडावर गेला, हरीण त्या बाजूने निघालं तर म्हणून.

हरीण उभं होतं तिथे मी गुडघ्यांवर बसले. रक्त नव्हतं, पण केस होते. गोळी आत जाताना केस कापते आणि ते तिथेच पडतात. छातीचे केस करडे आणि लांब असतात, टोकं काळी. मला सापडले ते पिंगट आणि आखूड होते. दोन पांढरेही होते. मी ते चिमटीत धरून ठेवले, मग खिशात टाकले.

सासा माझ्या खांद्याइतका उंच होता. आत पाय दिसत नाहीत, पाय कशावर पडतोय तेही नाही. नवखा माणूस रक्त जमिनीवर शोधतो. सासात ते जमिनीवर पडतच नाही. हरीण पानं घासत जातं आणि रक्त पानांना लागतं, हरणाच्या बरगडीच्या उंचीवर. म्हणून मी कमरेच्या पातळीवर बघत गेले. त्यात त्या मोसमात पानांवर तांबेरा पडलेला असतो, आणि दुरून तो हुबेहूब सुकलेल्या रक्तासारखा दिसतो. प्रत्येक ठिपक्याला थुंकी लावून अंगठ्याने चोळायचं. अंगठा नारिंगी झाला तर तांबेरा, लाल झाला तर हरीण. माझा अंगठा बराच वेळ नारिंगीच राहिला.

मग एका पानाच्या मागच्या बाजूला लाल झाला. गडद, तपकिरीकडे झुकणारा लाल. मी तो नाकाशी नेला. फुप्फुसाचं रक्त उजळ असतं, त्याला फेस येतो. पोटात लागलं तर शेणाचा वास येतो. याला वास नव्हता, फेसही नव्हता. कलेजी.

मी तिथेच उभी राहिले. कलेजीत लागलेलं हरीण मरतं, सापडतं, खाताही येतं. पण ती छाती नव्हे. बाबांचा नेम खांद्याच्या मागे होता आणि गोळी वीतभर मागे गेली होती. उभ्या, स्थिर हरणावर, रायफल टेकवून.

पुढे रक्त वाढलं. पाऊस पानांवरून ओघळत होता आणि प्रत्येक थेंब कुठेतरी गुलाबी होत होता, तरी माग धरता येत होता. पण सगळं रक्त उजव्याच बाजूच्या पानांना होतं. डाव्या बाजूला कोरडं ठणठणीत. म्हणजे गोळी आत गेली होती, बाहेर आली नव्हती. तांबं असं करत नाही. निदान मी तरी तांब्याची गोळी कलेजीसारख्या मऊ जागेत अडकलेली पाहिली नव्हती. माझ्या डोक्यात काहीतरी यायला लागलं होतं आणि मी ते येऊ देत नव्हते. मी पानं चोळत राहिले.

एका ठिकाणी सासा दबलेला होता. हरीण तिथे बसलं होतं, उठलं होतं आणि पुन्हा थोडंसंच चाललं होतं. ते मला एका ओल्या घळीत, अल्डरच्या झाडाच्या मुळांमध्ये सापडलं. डावी बाजू खाली, मान लांब केलेली. मी काठीने डोळ्याला स्पर्श केला. डोळा हलला नाही.

उजव्या बाजूला भोक होतं. शेवटच्या दोन बरगड्यांमध्ये, बोटाएवढं. मी पाठीकडून हरणाचं अंग थोडं उचलून खालची बाजू चाचपली. कातडीखाली एक गाठ हाताला लागली. सुरीने चीर दिली आणि गाठ बाहेर काढली. पुढून फाटलेली, चपटी झालेली, वरून तांब्याचं पातळ कवच आणि आत करडं. नखाने दाबलं तर नखाचा वण उठला.

शेडमधल्या फळीवर बाबांचा जुना साठा होता हे मला माहीत होतं. बंदी येण्यापूर्वीचा. त्यांनी तो कधी टाकला नव्हता. रक्त पडावं म्हणून त्यांनी शिसं घातलं, आणि ते जुनं शिसं आत फुटून तिथेच राहिलं, पलीकडे निघालंच नाही. ज्या भोकातून रक्त पडायचं ते पडलंच नाही. तांब्याने निदान दोन भोकं दिली असती.

मला राग आला. आधी बाबांचा, मग त्यांच्या डोळ्यांचा, मग कुदोसानचा, की त्यांना अशी अट घालण्याची काय गरज होती. ती गाठ मी मुठीत धरली. चार माणसांत ती मी एकटीने पाहिली होती. हरणाचं पोट मीच उघडणार होते, कलेजी मीच काढणार होते, रानात काही सोडायचं नाही म्हणून सगळं पिशवीत भरून मीच नेणार होते. गरुडाच्या पोटात यातला एक कण गेला नसता. कोणाचं काही बिघडलं नसतं.

वॉकीटॉकी खरखरली. कुदोसान.

"मित्सुएसान. काही?"

"सापडलं," मी म्हणाले. "मेलंय. मोठा नर आहे."

"छान. कुठे लागलीय?"

मी बटण दाबलं. "छातीत. बाबा म्हणाले तिथेच."

"अरे वा," कुदोसान म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच आनंद होता. त्यांनाही ती अट घालणं आवडलं नव्हतं. मागून हाताकेयामाचा आवाज आला, "तोकुजीकाका झिंदाबाद. आज पाजणार कोण?"

माझ्या पाठीमागे सासा सळसळला. माझा हात रायफलकडे गेला. अस्वल नव्हतं. नारिंगी जाकीट होतं. बाबा पानं दोन्ही हातांनी बाजूला करत, धापा टाकत आले. जागा सोडून.

"तुम्ही हललात का?" मी म्हणाले.

"तू पुढे गेलीस त्या वाटेने आलो. पानं मोडलेली दिसत होती. एवढं दिसतं मला अजून." त्यांच्या गळ्यातली वॉकीटॉकी चालू होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उजळला होता, मी सासूबाई गेल्यानंतर तो असा पाहिला नव्हता. "छातीत ना? मी म्हणालो होतो. बघू दे."

ते हरणाजवळ गुडघे टेकून बसले आणि तळवा खांद्यामागच्या केसांवर फिरवायला लागले. खालून वर, वरून खाली. डोळ्यांनी बघतच नव्हते, हातानेच शोधत होते. तिथे काही नव्हतं. मी म्हणाले, "बाबा, चला, पाऊस वाढतोय." त्यांचा हात मागे सरकला, आणखी मागे, आणि बरगड्यांच्या शेवटी थांबला. बोट आत गेलं. मग त्यांनी दुसरा हात उघडून माझ्यासमोर धरला. मी मुठीतली गाठ त्यांच्या तळव्यावर ठेवली.

त्यांनी ती चाचपली. ओळखायला त्यांना बघायची गरज नव्हती.

"तू खोटं बोललीस," ते म्हणाले.

"हो."

"कशाला?"

"तुम्ही टीव्हीसमोर बसू नये म्हणून."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी गळ्यातली वॉकीटॉकी तोंडाशी नेली. "कुदो. तोकुजी बोलतोय. कलेजीत लागलीय, छातीत नाही. आणि गोळी शिशाची आहे. माझ्या शेडमधली."

वॉकीटॉकी खरखरली.

"तोकुजीदादा," कुदोसान म्हणाले, "तुम्ही जागा सोडलीत."

"सोडली."

"आणि मारणारे तुम्ही आहात. मारणाऱ्याचं धरत नाहीत, तुम्हीच मला शिकवलंय. मला मित्सुएसाननी छातीत सांगितलंय. मी तेच धरणार." आवाज अगदी सरळ होता. ते एक दार उघडं ठेवून बाजूला झाले होते. मी ते ओळखलं, बाबांनीही ओळखलं.

बाबांनी वॉकीटॉकी गळ्यातून काढली आणि माझ्यापुढे धरली.

"सांग."

"बाबा, ते सोडून देतायत. त्यांना नको आहे."

"त्याला काय हवं ते विचारलं नाही मी. उद्या हाताकेयामाचं हरीण हरवेल. तू त्याला सांगशील, पोटात लागलंय, चल पुन्हा शोधायला. तेव्हा तो विचारेल, सासऱ्याच्या वेळी काय सांगितलं होतंस? बंदूक माझी जाणारच आहे. या मोसमात नाही तर पुढच्या. तुझ्या मागावरचा भरवसा राहायला हवा." त्यांनी वॉकीटॉकी आणखी पुढे केली. "सांग. बोटं गारठली माझी."

मी वॉकीटॉकी घेतली. बटण दाबलं. बाबा माझ्याकडे बघत होते. माझा चेहरा त्यांना कितपत दिसत होता, कोण जाणे.

"कुदोसान," मी म्हणाले, "मी चुकीचं सांगितलं. कलेजीत लागलीय. वीतभर मागे. गोळी शिशाची."

"ऐकलं," कुदोसान म्हणाले. काही वेळाने पुन्हा म्हणाले, "ऐकलं. हाताकेयामा, दोर घेऊन जा त्यांच्याकडे."

हाताकेयामा एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलतो. तो नुसता "बरं" म्हणाला.

बाबांनी रायफल उघडली आणि आतली उरलेली काडतुसं काढून माझ्या पिशवीत टाकली. मग जाकीट काढून घडी करून मुळांवर ठेवलं, बाह्या वर केल्या आणि हरणाचे मागचे पाय दोन्ही हातांनी फाकवून धरले. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

"पोट उघड आता," ते म्हणाले. "आतल्या उष्णतेने मांस नासेल."

मी सुरी घेतली. ते पाय घट्ट धरून बसले होते, मी सांगेन तसे इकडेतिकडे करत.